मुलांचे हात आणि सुरतेच्या खुणा

(शिक्षक, ग्रामस्थ व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रातील शाळकरी मुलास सुरत हे नाव प्रथम भेटते ते इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात. जानेवारी १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या बंदरावर स्वारी केली, मोगलांचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, आणि ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा एकदा तेथे जाऊन आले, इतके त्यास पाठ असते. परंतु तो किल्ला कोठे आहे, केवढा आहे, तो नदीच्या काठी का बांधला गेला, आणि मुळात सुरतेपाशी एवढे धन साठले कसे, हे प्रश्न त्याच्या मनात सहसा उठत नाहीत. सनावळी मुखोद्गत झाली की धडा संपला, अशी त्याची व बहुधा त्याच्या गुरुजींचीही समजूत असते.

याच्या नेमकी उलट स्थिती सुरतेत राहणाऱ्या मराठी मुलाची आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून यंत्रमागांच्या कामासाठी गेलेली हजारो कुटुंबे आज उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थायिक झालेली आहेत. त्यांची मुले चौकबाजारातील किल्ल्यावरून जातायेता जातात. त्यांना तो दिसतो, पण तो आपल्या पाठ्यपुस्तकातलाच किल्ला होय हे त्यांना सांगणारे कोणी नसते. एकाजवळ गोष्ट आहे, पण वस्तू नाही. दुसऱ्याजवळ वस्तू आहे, पण गोष्ट नाही. आजच्या विषयाचे मूळ येथेच आहे.

सुरतेच्या खुणा थोड्या नाहीत. तापीकाठचा हा किल्ला सोळाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीजांच्या वारंवार होणाऱ्या हल्ल्यांस आळा घालण्यासाठी, गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या आज्ञेवरून खुदावंदखानाने उभारला. महानगरपालिकेने अलीकडच्या वर्षांत त्याची दुरुस्ती करून तो पाहण्यासाठी खुला केला आहे. जवळच मुगलसराई ही १६४४ ची इमारत आहे. हजच्या यात्रेकरूंसाठी व प्रवाशांसाठी बांधलेल्या या सराईत आज महानगरपालिकेची कचेरी भरते. १६६४ च्या स्वारीत इंग्रजांची वखार लढविणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये सुरतेतच वारला, आणि इंग्रजांच्या दफनभूमीत त्याचे व त्याच्या भावाचे घुमटदार थडगे उभे आहे. ते इतके भव्य आहे की एखाद्या अमिराची कबर वाटावी. गोपी तलाव आहे, झांपाबाजाराजवळचा १८७१ चा घड्याळाचा मनोरा आहे, आमलीरानमध्ये कवी नर्मदांचे घर आहे. मराठी श्रोत्यांच्या माहितीसाठी एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे काही काळ सुरतेत शिक्षक होते, आणि १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी प्रभृती गुजराती सुधारकांच्या बरोबरीने त्यांनी तेथे मानवधर्म सभा स्थापन केली. या दोन भाषांचा सुरतेतील शेजार यंत्रमागांच्याही आधीचा आहे.

आता या खुणा मुलांपर्यंत पोचवाव्यात कशा? सुरतेतच याची दोन उत्तरे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. पहिले उत्तर १८९० चे. त्या वर्षी तेथे विंचेस्टर म्युझियम या नावाने एक संग्रहालय सुरू झाले. पुढे त्यास सरदार वल्लभभाई पटेल यांचे नाव देण्यात आले. चिनी मातीची भांडी, काचेच्या वस्तू, नाणी, कोरीव लाकूडकाम, जुनी वस्त्रे असा मोठा संग्रह त्यात आहे. संग्रहालयाचा धर्म जतन करण्याचा, म्हणून वस्तू काचेआड राहणारच, आणि त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. तीनशे वर्षांचे वस्त्र शंभर मुलांनी चाचपले तर एकशे एकाव्या मुलासाठी काय उरेल?

दुसरे उत्तर २००९ चे. त्या वर्षी सुरत महानगरपालिकेने सिटीलाइट मार्गावर विज्ञान केंद्र उभारले, आणि ते जुने संग्रहालयही त्याच आवारात आले. तेथे तारामंडळ आहे, कलादालन आहे. हसतखेळत विज्ञान समजावे म्हणून हाताळावयाची उपकरणे आहेत. तेथे हिऱ्याविषयीचे एक दालन आहे, ही गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी होय. गुरुत्वाकर्षण मुंबईत, कोलकात्यात वा कोल्हापुरात सारखेच, पण हिऱ्याला पैलू पाडणे हे मात्र सुरतेचे आहे. ज्या शहरातील असंख्य घरांत बाप किंवा भाऊ हिऱ्याच्या घंटीवर बसतो, त्या शहराने मुलांच्या विज्ञानघरात त्या कामाला जागा द्यावी, हे योग्यच झाले. हिरा हिऱ्यानेच झिजतो, म्हणून फिरत्या तबकडीवर हिऱ्याचीच भुकटी लावावी लागते. गोल हिऱ्यास सत्तावन्न पैलू पाडतात, आणि त्यांचे कोन थोडे जरी चुकले तरी आत शिरलेला प्रकाश वरून परत न येता तळातून निसटतो. प्रकाशाच्या परावर्तनाचा याहून चांगला धडा सुरतेतील मुलास दुसरा कोणता देता येईल?

हाताने शिकण्याची ही कल्पना पश्चिमेकडून आली असे म्हणण्याची एक पद्धत पडली आहे. ते निम्मेच खरे आहे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे १८९९ मध्ये मुलांसाठीचे पहिले संग्रहालय निघाले, आणि मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत आपले बालगृह उघडले, हे मान्यच आहे. पण भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले, तेव्हा त्यांनी ती पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. गोष्टी, लोकगीते, मातीकाम, बागकाम, सहली हे सारे त्यांनी तीत घातले. वकिलीचा व्यवसाय सोडून आलेला हा मनुष्य मुलांत रमला, आणि त्याच्या कार्यास एक मराठी सहकारी लाभली. १९२३ मध्ये ताराबाई मोडक राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम हाती घेतले, आणि नंतर ते कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. मुंबईहून सुरतेस जाणारी आगगाडी बोर्डीच्या जवळूनच, घोलवडवरून जाते.

बोर्डी-कोसबाडला जे घडले ते आजच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. मॉन्टेसरींचे शास्त्रशुद्ध साहित्य महाग होते. ते वारली मुलांच्या पाड्यावर नेणे शक्य नव्हते, आणि नेले असते तरी त्या मुलांच्या जगाशी त्याचा संबंध नव्हता. म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या हेच साहित्य झाले. मोजणे बियांनी, रंग ओळखणे फुलापानांनी. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्या अंगणवाडीचे नाव पुढे साऱ्या देशाने उचलले, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची केंद्रे त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. स्थानिक वस्तू ही महागड्या साहित्याऐवजी नाइलाजाने घ्यावयाची वस्तू नव्हे, तीच मुळात अधिक चांगली, असे या दोघींनी कामातून दाखवून दिले.

हेच सूत्र सुरतेच्या खुणांना लावले तर काय दिसते? प्रथम जर घ्यावी. येवल्याच्या पैठणीत झळकणारी जर बहुतांशी सुरतेची असते, हे पैठणी नेसणाऱ्या किती भगिनींना ठाऊक असेल? सुरतेच्या जरीकामास भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. खऱ्या जरीची कृती अशी की चांदीची कांब घेऊन ती पोलादी पट्टीतील एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढीत न्यावयाची. तार केसासारखी झाली की दोन रुळांमधून दाबून चपटी करावयाची. त्या चपट्या तारेस बादला म्हणतात. मग तो बादला रेशमी धाग्याभोवती गुंडाळावयाचा आणि त्यावर सोन्याचा मुलामा चढवावयाचा. हा झाला कसब. आता बाजारात तांब्याच्या तारेची आणि प्लॅस्टिकच्या चकचकीत पट्टीची जरही मोठ्या प्रमाणावर मिळते. शाळेत हे करून पाहण्यासाठी चांदी लागत नाही. पत्र्याच्या तुकड्यास क्रमाने लहान होत जाणारी भोके पाडून त्यांतून शाडूच्या मातीची वळी ओढली, की ती बारीक होताना लांब का होते हे मुलाच्या ध्यानात येते. गणिताच्या तासाला घनफळ समजावताना जी दमछाक होते ती येथे होत नाही. गोळीच्या चंदेरी कागदाची बारीक पट्टी कापून ती सुती दोऱ्याभोवती गुंडाळावी. वेढे विरळ पडले तर आतला दोरा दिसतो, एकावर एक चढले तर जर जाडीभरडी होते. दोन बोटांत दोरा फिरवीत असताना, ही जर करणाऱ्यांच्या हातांना किती सराव असला पाहिजे हे मुलास न सांगता कळते.

मागाचेही तसेच. पुठ्ठ्याच्या चौकोनास वर-खाली खाचा पाडून उभे दोरे ताणले आणि दाभणाने आडवा दोरा एकाआड एक ओवला की माग तयार झाला. यंत्रमागावर बारा बारा तास उभा राहणारा बाप घरी येऊन निजतो. त्याचे काम मुलाने पाहिलेले असते, पण ते ‘शिक्षण’ आहे असे त्यास कधी कोणी म्हटलेले नसते. किंबहुना, शिकला नाहीस तर मागावर जावे लागेल, अशीच धमकी त्याने ऐकलेली असते. ज्या दालनात किंवा वर्गात माग हा शहराचा अभिमान म्हणून मांडलेला असेल, तेथे अशा मुलास प्रथमच असे वाटेल की येथील काहीतरी त्यास इतरांपेक्षा अधिक येते. धोटा कसा धावतो, धागा तुटला तर माग कसा थांबवावा लागतो, हे तो गुरुजींनाही सांगेल. गुरुजींनी ते ऐकून घ्यावे.

दुसरी खूण तापी. ही तर केवळ सुरतेची नव्हे. मध्य प्रदेशात मुलताईपाशी उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत जाणारी ही नदी आपल्या खानदेशाची जननीच होय. चांगदेवपाशी तीस पूर्णा मिळते, हतनूरला तिचे पाणी अडते, सारंगखेडे आणि प्रकाशे ओलांडून ती गुजरातेत शिरते. तेथे १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण आहे, आणि मग सुरत व खंभातचे आखात. नंदुरबारचे कुटुंब सुरतेस गेले म्हणजे परमुलखात गेले असे आपण म्हणतो. नदीच्या हिशेबाने पाहिले तर ते थोडे खाली उतरले, इतकेच.

ही नदी मुलांना दाखवावयाची तर नकाशापेक्षा वाळूचा ट्रे बरा. दोन हात लांबीच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ओली वाळू भरावी, उत्तरेकडे सातपुड्याची रांग रचावी, पूर्वेची बाजू दोन विटांवर उचलून धरावी. मध्ये बोटाने पात्र कोरावे. उकाईच्या जागी पत्र्याची पट्टी खोचावी आणि शेवटी आगपेट्यांचे शहर वसवावे. मग वरून झारीने पाणी सोडावे. पट्टीमागे पाणी साठते, शहर कोरडे राहते. मुले आनंदतात. झारी मोठी केली आणि साठा काठोकाठ भरला की पट्टी उचलावी की न उचलावी असा प्रश्न येतो. उचलली तर शहर बुडते, न उचलली तर पट्टीच वाहून जाण्याची भीती. ऑगस्ट २००६ मध्ये नेमके हेच संकट सुरतेवर आले. वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, उकाईतून प्रचंड पाणी सोडावे लागले, आणि शहराचा फार मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली गेला. त्यात समुद्राची भरती आली तर नदीचे पाणी मुखापाशीच अडते. ट्रेच्या पश्चिम टोकास लाकडी फळी लावून भरतीही दाखविता येते. पाणी केव्हा आणि किती सोडावे हा निर्णय किती अवघड असतो, हे दहा वर्षांच्या मुलास या खेळातून जितके कळेल तितके एखाद्या अहवालातून मोठ्यांनाही कळणार नाही.

आणि तिसरी खूण तो किल्ला. मातीचा किल्ला करणे मराठी मुलास शिकवावे लागत नाही. दिवाळीत दर अंगणात तो होतोच. पण दिवाळीचा किल्ला डोंगरावरचा असतो, आणि सुरतेचा सपाटीवर, पाण्याच्या काठी. हा फरक करून पाहिला की प्रश्न आपोआप येतात. तोफा कोणत्या बाजूस ठेवाव्यात? नदीकडे, कारण भय गलबतांचे होते. मग शहराचे काय? १६६४ मध्ये शहराभोवती भक्कम तट नव्हता, विटांचा कोट त्या स्वारीनंतर बांधला गेला. मुलाने मातीत आधी किल्ला व भोवती उघडे शहर मांडले, म्हणजे सुभेदार किल्ल्यात का शिरला आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या उघड्या का पडल्या, हे त्यास दिसते. या घटनेकडे सुरतेचे मूल एका बाजूने पाहते, साताऱ्याचे दुसऱ्या. एकाच ट्रेभोवती दोघांस बसविले तर काय बोलणे होईल, याची मोठ्या माणसांना उगीच धास्ती वाटते. मुले तोफ कोठे ठेवावी यावरच अधिक भांडतील.

आता भाषेचा प्रश्न. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी या माध्यमांच्याही शाळा चालविते. एका नगराने एवढ्या भाषांतून मुलांना शिकवावे ही गौरवाची बाब आहे, आणि महाराष्ट्रातील सीमाभागातल्या अधिकाऱ्यांनी तिची मुद्दाम दखल घ्यावी. तेथील मराठी शाळेतले मूल घरी बहुधा अहिराणी बोलते, वर्गात प्रमाण मराठी वाचते, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी बोलते. अशा मुलास शब्दांनी शिकविण्यात किती अडथळे आहेत हे सांगावयास नको. हातात वस्तू असली की शब्द मागाहून येतात, आणि चारी भाषांतून येतात. विणण्याच्या साधनास मराठीत माग म्हणतात, गुजरातीत साळ. विणकरास आपल्याकडे साळी म्हणतात, तेव्हा हा शब्दही मराठी कानास अगदी परका नाही. मुलांनीच हे हुडकून काढावे.

अर्थात विज्ञान केंद्रासारखी वास्तू प्रत्येक तालुक्यास मिळणे शक्य नाही, आणि सुरतेतील सर्व मुलांनाही ती मिळालेली आहे असे समजू नये. प्रवेशशुल्क आणि बसभाडे हे मागावरच्या मजुराच्या घरात दोन मुलांमागे विचार करण्याजोगे खर्च आहेत. शाळेची सहल वर्षातून एकदा, आणि तीही घाईची. सत्तर मुले एका उपकरणाभोवती उभी राहतात, पहिली पाच कळ दाबतात, बाकीची एकमेकांच्या खांद्यावरून पाहतात. हाताने शिकण्याच्या जागी पुन्हा डोळ्यांनीच शिकणे घडते. म्हणून त्या वास्तूचे छोटे रूप शाळेतच असावयास हवे. शहरात असेल तेवढे गावात लागत नाही. एक खोली, तीही नसली तर व्हरांड्याचे एक टोक, पुरे आहे.

महाराष्ट्रातील गावांना तर खुणांची वाण नाही. गावाची वेस, बारव, कोल्हापुरी बंधारा, लोहाराचा भाता, बैलगाडीचे चाक आणि त्यावर चढविलेली लोखंडी धाव, देवळाची दीपमाळ, पाणी वाटून घेण्याची जुनी फड पद्धत, यांतील प्रत्येक गोष्ट मुलांना मातीत, पुठ्ठ्यात वा लाकडात करून पाहता येते. फड पद्धतीचा ट्रे तर धुळे जिल्ह्यातील शाळांनी अवश्य करावा. पांझरेच्या काठी ती शतकानुशतके चालत आलेली आहे, आणि तिच्यात उताराचे, अपूर्णांकांचे व न्यायाचे असे तिन्ही धडे आहेत. ग्रामस्थांनी यात नुसते पाहुणे म्हणून येऊ नये. सुताराने तासाभरासाठी येऊन चाकाचे आरे कसे बसतात ते दाखवावे, वृद्ध पाटकऱ्याने पाणी कसे फिरत असे ते ट्रेवर करून दाखवावे. त्यांचे नाव शाळेच्या नोंदवहीत शिक्षक म्हणून लिहावे.

अधिकारी मंडळींसाठी एक विनंती आहे. शासनाने शाळांना पूर्वी जे प्रयोगसाहित्य पुरविले त्याच्या पेट्या अनेक ठिकाणी कपाटात कुलूपबंद आढळतात. याचे कारण गुरुजींचा आळस नव्हे. वस्तू मोडली तर जडसंग्रह नोंदवहीत खुलासा द्यावा लागतो, आणि न वापरलेली वस्तू तपासणीच्या वेळी शाबूत सापडते, म्हणून कपाट बंद राहते. मुलांच्या हाती दिलेली वस्तू झिजणार, हरवणार, मोडणार. तेव्हा मातीचे किल्ले, पुठ्ठ्याचे माग आणि वाळूचे ट्रे हे जडसंग्रहात धरूच नयेत. ते खडूप्रमाणे खर्ची पडणारे साहित्य समजावे आणि त्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम मुख्याध्यापकांच्या हाती मोकळी ठेवावी. तपासणीस गेलेल्या अधिकाऱ्याने ट्रे कोरडा आणि स्वच्छ आढळला तर त्याबद्दल शेरा लिहावा. ओला, विस्कटलेला आणि कडेला आगपेट्या भिजून पडलेल्या आढळला तर शेरा लिहिण्याचे कारण नाही. त्या वेळी मुलांना विचारावे की पट्टी केव्हा उचलली.